उजळलेला वाडा आणि अंधारांतला किल्ला

(एका फ्रेंच खोदचित्राचा अभ्यास)

आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गांत, फळ्याच्या उजव्या हातास, काचेंत बसविलेलें एक जुनें चित्र टांगलेलें आहे. तें तुम्हांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. निरखिलें मात्र थोड्यांनींच. कागद पिवळा पडला आहे, एका कोपऱ्यास ओल लागलेली आहे, आणि खालीं फ्रेंच भाषेंत दोन ओळी छापलेल्या आहेत. प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हिंदुस्थानांतील प्रवासाच्या वेळीं ग्वाल्हेरास शिंदे महाराजांच्या राजवाड्यावर झालेल्या रोषणाईचें हें चित्र आहे, असा त्या ओळींचा भावार्थ. यंदा आम्हीं तें खालीं काढून, पुसून, नववीच्या वर्गापुढें टेबलावर ठेविलें आणि एक संपूर्ण तास त्यावरच घालविला. त्या तासाच्या शेवटीं एका विद्यार्थिनीनें एक साधा प्रश्न विचारला. त्याचें उत्तर आम्हांस त्या वेळीं नीट देतां आलें नाहीं. तें द्यावें आणि चित्र वाचावें कसें, याचाही थोडा पाठ व्हावा, या दुहेरी हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम चित्रांत काय आहे तें पाहूं. मध्यभागीं तीन मजल्यांचा पांढरा, लांबरुंद राजवाडा आहे. त्याच्या प्रत्येक मजल्याच्या कंगोऱ्यावर, कमानींच्या कडांवर आणि खांबांच्या उभ्या रेघांवर दिव्यांच्या ओळीच ओळी लागलेल्या आहेत. इतक्या कीं, भिंत दिसत नाहीं, दिव्यांनीं काढलेला वाड्याचा आराखडा तेवढा दिसतो. समोरच्या पटांगणांत हत्तींची रांग, घोडेस्वार आणि मशालजी आहेत. अगदीं पुढें, चित्राच्या खालच्या कडेला, बघ्यांची गर्दी आहे. तिच्या पाठी आपल्याकडे आहेत आणि तोंडें वाड्याकडे. डाव्या बाजूस, वाड्याच्या मागें, एक लांब, सपाट माथ्याची टेकडी काळ्या आकाशांत आणखी काळी अशी उभी आहे. तिच्यावर तटाची एक अस्पष्ट रेघ आहे. दिवा एकही नाहीं.

आतां प्रसंग समजून घेऊं. व्हिक्टोरिया राणीचे ज्येष्ठ पुत्र आल्बर्ट एडवर्ड, जे पुढें १९०१ सालीं सातवे एडवर्ड या नांवानें गादीवर आले, ते ८ नोव्हेंबर १८७५ रोजीं 'सेरापिस' या जहाजांतून मुंबईस उतरले. दुसऱ्याच दिवशीं त्यांचा चौतिसावा वाढदिवस होता आणि त्या रात्रीं सारी मुंबई दिव्यांनीं सजविलेली होती. मुंबईहून पुणें, बडोदें, गोंवें, सिंहलद्वीप, मद्रास, कलकत्ता, दिल्ली असा फेरा करीत ते १८७६ च्या जानेवारीच्या अखेरीस आग्र्याहून धोलपूरच्या वाटेनें ग्वाल्हेरास आले. त्या वेळीं ग्वाल्हेरास आगगाडी पोंचलेली नव्हती. १३ मार्च १८७६ रोजीं त्यांनीं पुन्हां मुंबईहूनच प्रयाण केलें. ब्रिटिश पार्लमेंटानें या प्रवासाच्या खासगी खर्चासाठीं ६०,००० पौंड मंजूर केले होते. संस्थानिकांनीं आपआपल्या राज्यांत जें खर्चिलें तें याहून निराळें.

ग्वाल्हेरचे यजमान जयाजीराव शिंदे. शिंदे घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कण्हेरखेडचें. राणोजीपासून त्याचा उदय झाला आणि महादजीच्या काळीं त्याचा दरारा दिल्लीपर्यंत पोंचला. आपल्या जिल्ह्यासही हें नांव परकें नाहीं. १८०३ च्या सप्टेंबरांत असईच्या लढाईंत दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला. तें असई आपल्या जिल्ह्याच्या शिवेपासून फार लांब नाहीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अकोल्याकडील अडगांवीं दुसरी लढाई झाली आणि डिसेंबरांत सुर्जी अंजनगांवचा तह झाला. या तहापासून शिंद्यांचें स्वातंत्र्य आटत गेलें. दौलतरावांच्या मागून एक दत्तक पिढी लोटल्यावर, १८४३ सालीं, लहान वयाचे जयाजीराव गादीवर आले. चित्रांतला राजवाडा तो त्यांनींच १८७४ सालीं बांधून घेतलेला जयविलास. शिंद्यांच्या चाकरींत असलेल्या मूळच्या इटालियन घराण्यांतील मायकेल फिलोज यानें त्याचा नकाशा केला. तळमजला तस्कन धर्तीचा, दुसरा इटालियन डोरिक, तिसरा कोरिंथियन, असें त्याचें बाह्यरूप सर्वस्वीं युरोपी आहे. दरबारदालनांतील दोन झुंबरें प्रत्येकीं सुमारें साडेतीन टन वजनाचीं आहेत. तीं छतास टांगण्यापूर्वीं छत तेवढा भार सोशील कीं नाहीं हें पाहण्यासाठीं उतरंड बांधून गच्चीवर हत्ती चढविले होते, असें ग्वाल्हेरास परंपरेनें सांगतात.

राजा पाहुणा आला म्हणजे वाडा उजळावयाचा, ही चाल कांहीं एकट्या हिंदुस्थानची नाहीं. फ्रान्समध्यें तर ती एक शास्त्रच होऊन बसली होती. अठराव्या शतकांत व्हर्साय येथील दरबारचे विवाह, जन्मोत्सव आणि दारूकाम यांचीं मोठमोठीं ताम्रपटावरील चित्रें शार्ल-निकोला कोशँ यानें कोरलीं. राजाच्या घरीं एका रात्रींत जळून गेलेलें वैभव कागदावर राहावें आणि परदेशच्या दरबारांनींही तें पाहावें, हा त्यांचा उपयोग. पुढें १८५५ च्या ऑगस्टांत व्हिक्टोरिया राणी पॅरिसास गेली, तेव्हां तिसऱ्या नेपोलियननें तिच्यासाठीं व्हर्सायचा तोच राजवाडा आणि बाग दिव्यांनीं उजळविली. त्या पॅरिसच्या प्रवासांत राणीबरोबर तिचा तेरा वर्षांचा मुलगा होता. तोच मुलगा वीस वर्षांनीं ग्वाल्हेरच्या दिव्यांपुढें हत्तीवरून गेला. म्हणजे पॅरिसच्या वाचकांस हें चित्र अगदीं ओळखीचें वाटलें असलें पाहिजे. व्हर्सायच्या जागीं जयविलास आणि घोड्यांच्या जागीं हत्ती, एवढाच काय तो फरक.

तथापि फ्रान्समध्यें बसून ग्वाल्हेरचें चित्र निघालें कसें? हा भाग विद्यार्थ्यांनीं लक्ष देऊन वाचावा, कारण आमच्या मतें साऱ्या पाठाची किल्ली येथेंच आहे.

त्या काळीं वर्तमानपत्रांत फोटो छापण्याची युक्ति निघालेली नव्हती. फोटो काढतां येत असत. पण अक्षरांच्या खिळ्यांबरोबर त्याच कागदावर ते छापतां येत नसत. म्हणून चित्र लाकडावर कोरावें लागे. लंडनचें 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' १८४२ सालीं निघालें, पॅरिसचें 'लिल्युस्त्रास्यों' १८४३ सालीं आणि 'ल मोंद इल्युस्त्रे' १८५७ सालीं. हीं सारीं साप्ताहिकें लाकडी ठशांवर चालत. राजपुत्राच्या या प्रवासांत विल्यम सिम्प्सन यांच्यासारखे चित्रकार बरोबर होते. ते जागच्याजागीं पेन्सिलीनें कच्चें रेखाटन करीत, बाजूला टिपणें लिहीत आणि तो कागद टपालानें युरोपास रवाना करीत. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाल्यानें मुंबईची टपाल तीन आठवड्यांच्या आंतबाहेर युरोपांत पोंचूं लागली होती.

पुढचें काम कारखान्याचें. बॉक्सवुड नांवाचें एक अत्यंत कठीण, पिवळसर लाकूड असतें. त्याची फळी उभी न कापतां, आपण भाकरीसारखी चकती कापावी तशी आडवी कापीत, म्हणजे कोरणी कोणत्याही दिशेस फिरविली तरी तंतूंत अडकत नसे. ही रीत इंग्लंडांत टॉमस ब्यूइक यानें नांवारूपास आणली आणि पुढें चार्ल्स टॉम्प्सन या कारागिरानें ती पॅरिसास नेली. या झाडाचें खोड जाड होत नाहीं; म्हणून मोठ्या चित्रासाठीं लहान लहान ठोकळे मागून मळसूत्रांनीं जोडीत. एक चित्रकार त्या जोडलेल्या पृष्ठभागावर रेखाटन उलटें, म्हणजे आरशांत दिसतें तसें, उतरवी. मग मळसूत्रें सोडून एकेक ठोकळा एकेका खोदकाऱ्याच्या हातीं देत. एकाकडे आकाश, दुसऱ्याकडे हत्ती, तिसऱ्याकडे कमानी. काम पुरें झालें म्हणजे ठोकळे पुन्हां जोडून सांध्यावरच्या रेघा मुख्य कारागीर मिळवून देई. आपल्या चित्रांत वाड्याच्या तिसऱ्या कमानीजवळ वरपासून खालपर्यंत गेलेली एक केसाएवढी पांढरी रेघ दिसते, ती या सांध्याची. मुलांना ती चित्रावर पडलेली घडी वाटली होती.

आतां मुख्य गोष्ट. लहानपणीं भेंडी कापून, रंगांत बुडवून, कागदावर ठसे उठविण्याचा खेळ तुम्ही सर्वांनीं खेळला आहे. भेंडीचा जो भाग उंच राहतो तो रंग घेतो. मधलीं भोंकें कागदावर कोरीं राहतात. लाकडी ठशाचेंही तसेंच. न कोरलेला ठोकळा शाई लावून दाबला तर कागदावर केवळ काळा चौकोन उठेल. म्हणजे खोदकाऱ्यापुढें आरंभीं रात्रच असते, आणि तो लाकूड काढून काढून उजेड करीत जातो. ग्वाल्हेरच्या वाड्यावरचा एकेक दिवा म्हणजे पॅरिसमध्यें कोणी एकानें कोरणीच्या टोकानें उचललेला लाकडाचा एकेक कण होय. उलट, जेथें त्यानें कोरणी लाविलीच नाहीं तेथें अंधार राहिला. म्हणून अशा चित्रांत अंधार म्हणजे रिकामी जागा नव्हे. जेथें दाखविण्यासारखें कांहीं नाहीं असें कोणीतरी ठरविलें, ती जागा होय.

ठरविणारे खोदकारी बहुधा हिंदुस्थानांत कधींच आलेले नसत. त्यांच्या मदतीस जुनीं पुस्तकें असत. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६४ पासून पुढें चार वर्षें हिंदुस्थानांत हिंडला, बडोदें व ग्वाल्हेर येथील दरबार त्यानें पाहिले, स्वतः फोटो घेतले. आणि त्यांवरून कोरलेल्या तीनशेंवर चित्रांसह त्याचा मोठा ग्रंथ पॅरिसास १८७५ सालीं, म्हणजे राजपुत्राच्या प्रवासाच्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. अशीं साधनें हातीं असलीं म्हणजे चित्रांत खरें पुष्कळ येतें. पण कारागिराच्या संवयीही येतात. आपल्या चित्रांतील बघ्यांपैकीं दोघांच्या डोक्यांवर तुर्की टोप्या आहेत, आणि पटांगणाच्या कडेस ताडाचीं झाडें एका मापानें उभीं आहेत. पूर्वेकडचा देश म्हटला कीं ताड हवाच, अशी तेव्हांच्या युरोपांतील चित्रकारांची समजूत असे.

चित्र कसें झालें हें कळलें; आतां दिवे कसे लागले तें पाहूं. वीज त्या वेळीं घराघरांत आलेली नव्हती. अशा रोषणाईस मातीच्या पणत्या, किंवा काचेचे लहान पेले वापरीत. पेल्यांत खालीं पाणी, वर तेल आणि तेलावर तरंगती वात. पाण्यामुळें काच तडकत नाहीं आणि तेल संपतां संपतां दिवा आपोआप विझतो. बांबूच्या कामट्यांचे सांगाडे करून ते भिंतींवर बांधावयाचे, त्यांवर पणत्या मांडावयाच्या आणि सूर्यास्ताबरोबर शेंकडों माणसांनीं हातांत काकडे घेऊन एकदम लावीत सुटावयाचें. वारा आला कीं अर्ध्या विझत, पुन्हां लावाव्या लागत.

वर्गांत आम्हीं या रोषणाईचें एक गणित घातलें. समजा, वाड्यावर दहा हजार पणत्या लाविल्या आणि प्रत्येकींत दोन तोळे तेल घातलें. मग वीस हजार तोळे तेल झालें. जुन्या मापानें ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण. म्हणजे अडीचशें शेर, अर्थात् सहा मण दहा शेर. आजच्या मापानें सुमारें २३३ किलो. हें केवळ एका रात्रीचें, आणि तेंही फक्त समजुतीसाठीं घेतलेल्या आंकड्याचें. एवढें तीळ, करडई वा जवस पेरणारा कुणबी, गाळणारा तेली, पणत्या भाजणारा कुंभार, आणि ज्याच्या कापसाची वात झाली तो शेतकरी, या साऱ्यांचे हात त्या उजेडाला लागलेले आहेत. आपल्या जिल्ह्यास कापसाची गोष्ट वेगळी सांगावयास नको. खामगांवच्या कापूसपेठेसाठीं जलंबपासून आगगाडीचा फांटा घातला गेला आणि १८७० सालीं त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगांवास आले, ती या कापसाचीच महती. परंतु या हातांपैकीं एकही चित्रांत नाहीं. पणती लावणारा माणूस नाहीं. नुसती लागलेली पणती आहे.

येथवर पाठ सुरळीत चालला होता. तास संपत आला तेव्हां मागच्या बांकावरच्या एका मुलीनें विचारलें, "सर, वाड्यावर एवढे दिवे आहेत, मग डोंगरावरच्या किल्ल्यावर एकही कां नाहीं? तोही महाराजांचाच ना?"

तिच्या प्रश्नाचें उत्तर असें, कीं तो त्या वेळीं महाराजांचा नव्हता.

ग्वाल्हेरचा किल्ला हिंदुस्थानांतील अत्यंत बळकट किल्ल्यांपैकीं एक. १८५७ च्या धामधुमींत जयाजीराव इंग्रजांच्या पक्षाला राहिले. त्यांची फौज मात्र राहिली नाहीं. १ जून १८५८ रोजीं तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झांशीची राणी लक्ष्मीबाई यांनीं ग्वाल्हेर घेतलें आणि महाराजांना आग्र्यास पळावें लागलें. त्याच महिन्यांत सर ह्यू रोज यानें तें परत जिंकलें. त्या लढाईंत राणी पडली; तिची समाधि ग्वाल्हेरास फुलबागेजवळ आहे आणि तेथून जयविलास वाडा फार दूर नाहीं. महाराज गादीवर परत बसले. परंतु किल्ल्यांत इंग्रजी फौज राहिली, आणि जवळच मुरारास छावणी पडली. ज्या राजानें इंग्रजांची साथ सोडली नाहीं, त्याच्याच डोक्यावर त्याचाच किल्ला परक्यांच्या तोफांसह उभा राहिला. पुढें अठ्ठावीस वर्षें हीच स्थिति होती. चित्रांतली रात्र ही या अठ्ठावीस वर्षांपैकीं अठराव्या वर्षाची.

हें कळल्यावर चित्र पालटतें. इतका वेळ डोळ्यांत न भरलेली ती काळी टेकडीच आतां चित्राचा मुख्य विषय होऊन बसते, आणि उजळलेला वाडा तिच्या पायथ्याशीं असलेला एक लहानसा डाग वाटूं लागतो. फ्रेंच कारागिरानें तिच्यावर कोरणी चालविली नाहीं ती हेतूनें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला चित्रास पार्श्वभूमि हवी होती, एवढेंच. पण त्याच्या हातून सत्य राहून गेलें आणि राहून गेल्यामुळेंच आंत आलें.

अशा चित्रांविषयीं आमच्या मनांत एवढी आस्था कां, हेंही सांगितलें पाहिजे. आम्ही सातवीच्या वर्गांत होतों, तेव्हां आमच्या गांवच्या शाळेला एक थोर पाहुणे भेट देणार होते. आठ दिवस आम्हीं मैदान झाडलें, चुना लावला आणि शाळेच्या इमारतीवर विजेच्या दिव्यांच्या माळा सोडल्या. दिवस माघाचे होते. गहूं ओंबीवर आला होता. गांवांत एकच रोहित्र, ज्याला आपण डीपी म्हणतों तें. शेतीला वीज रात्रींच मिळत असे. त्या रात्रीं रोषणाईस वीज पुरावी म्हणून शेताकडची ओळ बंद ठेवण्यांत आली. पाहुणे दोन तास उशिरां आले, पाव तास थांबले आणि गेले. आमचे वडील आणि शेजारचे चारपांच शेतकरी विहिरीच्या थारोळ्यापाशीं घोंगड्या पांघरून पहांटेपर्यंत बसून राहिले. मोटार चालू झाली नाहीं. पाण्याची ती पाळी गेली ती गेलीच; त्या वर्षीं आमच्या गव्हाचा दाणा भरला नाहीं.

चार दिवसांनीं वर्तमानपत्रांत उजळलेल्या शाळेचा फोटो आला. आम्हीं तो कापून मोठ्या अभिमानानें घरीं दाखविला. माळा बांधणाऱ्यांत आम्हीही होतों ना! वडिलांनीं तो कंदिलापाशीं नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "फोटू लय साजरा आला बाप्पा. पण याच्यात आपलं वावर कोठी हाय?"

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. ते खरोखरच फोटोंत शोधीत होते. शाळेच्या मागें, जेथें आमचें शेत असावयास पाहिजे, तेथें कागद निव्वळ काळा होता.

तेव्हांपासून आम्हीं एक नियम स्वतःला घालून घेतला आहे, तो विद्यार्थ्यांनाही देतों. चित्र खोटें आहे काय, हा पहिला प्रश्न विचारूं नये. त्या फोटोंतला एकही दिवा खोटा नव्हता. या खोदचित्रांतही, टोप्या आणि ताड सोडले तर, खोटें असें थोडेंच आहे. विचारावयाचें तें असें: हें चित्र कोठें उभें राहून घेतलें आहे? कोणाच्या सांगण्यावरून? उजेड कशावर आहे? आणि काळोख ज्यावर आहे, तेथें काय होतें?

मात्र काळोखाचा विचार करतांना उजेडाला अन्याय करूं नये. जयाजीरावांनीं दिवे लाविले ते केवळ लाचारीनें, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. वर्गांतल्या कित्येक मुलांनीं तेंच म्हटलें. आमचें मत निराळें आहे. विचार करा: तहानें ज्याची फौज मोजून दिलेली, ज्याचा किल्ला हातचा गेलेला, त्या राजाला आपण राजे आहों हें सांगण्याची जागा ती किती उरली होती? एक वाडा, एक दालन, एक रात्र. भावी सम्राटाला त्या किल्ल्याच्या पायथ्याशींच आणून, आपलें घर दिव्यांनीं उजळून दाखविणें, यांत नमस्कार आहे तसें न बोललेलें गाऱ्हाणेंही असूं शकतें. आपला किल्ला परत मिळावा ही जयाजीरावांच्या मनांतली मोठी आस होती. तो अखेर १८८६ सालीं मुरारच्या छावणीसह परत मिळाला. त्याच्या मोबदल्यांत झांशी शहर इंग्रजांकडे गेलें. आणि त्याच वर्षाच्या जून महिन्यांत महाराज वारले. ज्या किल्ल्यासाठीं आयुष्याचीं अठ्ठावीस वर्षें वाट पाहिली, तो त्यांच्या ताब्यांत कांहीं महिनेच राहिला.

आणखी एक काळोख आहे, तो या चित्राच्या चौकटीबाहेरचा. राजपुत्र मार्चांत परत गेले आणि त्याच वर्षीं, १८७६ मध्यें, दख्खनांत पावसानें दगा दिला. मुंबई इलाख्याचा दक्षिण भाग, मद्रास, म्हैसूर आणि हैदराबाद येथें १८७८ पर्यंत जो दुष्काळ पडला, त्यांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं असा अंदाज आहे. तो दुष्काळ चालू असतांनाच १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस दरबार भरून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. दिव्यांमुळें दुष्काळ पडला असें कोणी म्हणणार नाहीं. पाऊस पणत्या मोजून पडत नसतो. पण जें राज्य एका पाहुण्यासाठीं साऱ्या देशभर एवढी तयारी महिनोन् महिने आधीं करूं शकतें, तें उपाशी माणसासाठींही तशीच तयारी करूं शकत होतें कीं नाहीं, हा प्रश्न तीं दोन वर्षें शेजारीं ठेवून वाचणाऱ्यानें विचारल्यावांचून राहूं नये.

आज जयविलास वाड्याचा मोठा भाग संग्रहालय आहे. तिकीट काढून कोणीही तीं झुंबरें पाहूं शकतो. वरच्या किल्ल्यांत एक नांवाजलेली शाळा भरते. रात्रीं दिवे दोन्हीकडे लागतात. लाकडी ठशांचा धंदाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फोटोचे ठसे निघाल्यावर बुडाला. तरी ठरविणारा हात कांहीं गेलेला नाहीं; आतां तो तुमच्या खिशांतल्या फोनमध्यें आहे. बोटानें चित्राची कड आंत ओढून नको तो भाग कापतां, तेव्हां तुम्हीही त्या खोदकाऱ्याचेंच काम करीत असतां. करावें, पण काय कापलें तें आपल्यापुरतें तरी ध्यानांत ठेवावें.

शेवटीं, या पाठाचा अभ्यास म्हणून चार कामें देतों. सुटींत तीं करावीं.

१. वर्गांतील चित्रापुढें उभें राहून पांच मिनिटें केवळ काळा भाग पाहावा आणि त्यांत जें जें दिसेल त्याची यादी करावी.

२. एक भेंडी व एक बटाटा घेऊन ठसे उठवावे. बटाट्यावर एक दिवा असा कोरावा कीं कागदावर ज्योत पांढरी आणि रात्र काळी उठेल. प्रकाश कापून काढावा लागतो म्हणजे काय, हें हातालाच समजेल.

३. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यांत आहे. तेथें लखुजी जाधवरावांचा वाडा आणि जिजाऊंचें जन्मस्थान आहे. तो वाडा दिवसाउजेडीं जाऊन पाहावा, त्याचें रेखाटन करावें, आणि उत्सवाच्या रात्रीं त्यावर दिवे लागले तर कोणता भाग उजळेल व कोणता काळोखांत राहील, तें दोन रंगांनीं दाखवावें.

४. आपल्या गांवांतील एखाद्या समारंभाचा जुना फोटो घरांतून शोधून आणावा आणि आजोबा-आजींना विचारावें कीं, त्या वेळीं फोटोच्या बाहेर कोण उभें होतें. त्यांचीं नांवें फोटोच्या पाठीमागें लिहून ठेवावीं.

चवथें काम कोणी टाळूं नये. आमच्या त्या कात्रणाच्या पाठीमागें आम्हीं तें फार उशिरां केलें. तेथें आतां आमच्या हस्ताक्षरांत पांच शेतकऱ्यांचीं नांवें आहेत. पहिलें नांव वडिलांचें.